संगीतसंचाचे पोस्टर आणि अल्बमचे वेष्टन : पहिल्यांदाच रचना करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

संगीतसंचाचे पोस्टर किंवा अल्बमचे वेष्टन करायला घेतलेला नवा माणूस सहसा चित्रापासून सुरुवात करतो. तो छायाचित्र निवडतो, रंग ठरवतो, नावाची अक्षरे घडवतो, आणि गाण्यांची यादी, श्रेयनामावली, बारकोड, कण्याची (वेष्टनाच्या अरुंद कडेची) जाडी या गोष्टी ‘नंतर बसवू’ म्हणून बाजूला ठेवतो. काम अडते ते जवळजवळ नेहमी या बाजूला ठेवलेल्या गोष्टींपाशीच. मुखपृष्ठ सर्वांना पसंत पडलेले असते आणि मग कळते की मागच्या बाजूला अकरा गाणी, सहा जणांची श्रेये आणि बारकोड मावायला जागाच उरलेली नाही. म्हणून पुढील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी मजकूर आणि परवानग्या, मग मापे, आणि चित्र त्यानंतर. हा क्रम पाळल्यावर कल्पकतेला कमी वाव मिळतो असे वाटेल. प्रत्यक्षात चित्राला किती मोकळी जागा उपलब्ध आहे हे त्यामुळेच पहिल्या दिवशी कळते.

१. काम नेमके कशाकशाचे आहे ते लेखी घ्या

पहिल्याच भेटीत विचारून घ्या की अल्बम केवळ डिजिटल निघणार आहे की सीडी, एलपी (ग्रामोफोनची मोठी तबकडी) किंवा कॅसेटही निघणार आहे, सोबत पुस्तिका आहे का, पोस्टर कोणत्या आकारात आणि कुठे लागणार आहे, आणि याच चित्रावरून पुढे टी-शर्ट किंवा स्टिकर करायचे आहेत का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तो चित्राचे स्वरूप ठरवतो. टी-शर्टसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये (जाळीतून शाई उतरवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र स्क्रीन, म्हणजे जाळी, लागते. त्यामुळे धुक्यातल्या छायाचित्रावर बेतलेले मुखपृष्ठ टी-शर्टवर उतरवताना पुन्हा नव्याने काढावे लागते, तर दोन-तीन सपाट रंगांचे चित्र जसेच्या तसे जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतिम होकार कोण देणार. संचात जितके वादक तितकी मते असतात, आणि त्यात व्यवस्थापक व ध्वनिमुद्रण कंपनी यांची भर पडते. सर्वांची मते गोळा करून ती एकत्रितपणे कळवणारी एकच व्यक्ती त्यांनी नेमावी, असा आग्रह धरा. ‘ड्रमरला निळा रंग आवडला नाही’ असा निरोप छपाईच्या आदल्या रात्री येतो तो ही व्यवस्था नसल्यामुळे.

तिसरी गोष्ट एका पानाच्या करारनाम्याची. त्यात मानधन, आगाऊ रक्कम, किती वेळा बदल करून द्याल, मूळ संपादनयोग्य फाइली कोणाकडे राहतील, चित्राचा वापर कुठे कुठे करता येईल आणि वेष्टनावर तुमचे श्रेय कसे छापले जाईल, इतके मुद्दे असले तरी पुरे. काम मित्रांच्या संचाचे असेल तर हे पान अधिकच आवश्यक आहे, कारण तिथे दोन्ही बाजू काही न बोलताच बरेच काही गृहीत धरतात.

वेळापत्रक प्रकाशनाच्या तारखेपासून मागे मोजत आखा. एलपीच्या उत्पादनाला महिने लागू शकतात, आणि डिजिटल वितरकांनाही मुखपृष्ठ प्रकाशनाच्या पुरेसे आधी द्यावे लागते. त्यामुळे छापील अल्बम असेल तर ध्वनिमुद्रणाची अंतिम प्रत आणि तुमच्या फाइली साधारण एकाच वेळी तयार असाव्या लागतात.

२. मजकूर आणि कागदपत्रे एका ठिकाणी जमवा

चित्राचा पहिला कच्चा आराखडा काढण्यापूर्वी पुढील मजकूर एकाच फाइलीत, संचाने तपासून मान्य केलेल्या स्वरूपात, हातात असला पाहिजे :

- संचाचे आणि अल्बमचे नाव, ज्या लेखनात ते सर्वत्र वापरले जाणार आहे त्याच लेखनात
- गाण्यांचा अंतिम क्रम, प्रत्येकाची लांबी, एलपी किंवा कॅसेट असल्यास कोणते गाणे कोणत्या बाजूवर
- गीतकार, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक, मिश्रण आणि मास्टरिंग (ध्वनिमुद्रणाची अंतिम प्रत तयार करणे) करणारे, छायाचित्रकार, रचनाकार यांची पूर्ण नावे
- ध्वनिमुद्रणाच्या हक्काची ओळ (वर्तुळातील ‘पी’), वेष्टनावरील चित्र व मजकुराच्या हक्काची ओळ (वर्तुळातील ‘सी’), दोन्हींसोबत वर्ष आणि हक्कधारकाचे नाव
- कंपनीचे बोधचिन्ह, सूची क्रमांक (कंपनीने अल्बमला दिलेला), बारकोडचा क्रमांक
- गाण्यांचे शब्द छापायचे असतील तर ते, गीतकाराने तपासलेले
- पोस्टरसाठी तारीख, वार, वेळ, स्थळाचा पत्ता, तिकिटाची माहिती, सहकलाकारांची नावे आणि त्यांचा क्रम, प्रायोजकांची बोधचिन्हे

यांतील दोन हक्कांच्या ओळी एकच आहेत असे समजून अनेक जण एक गाळतात. वर्तुळातील ‘पी’ ध्वनिमुद्रणासाठी असतो आणि वर्तुळातील ‘सी’ चित्र व मजकुरासाठी. दोन्हींचे हक्कधारक वेगळे असू शकतात. आयएसआरसी हा अक्षरे व अंक मिळून १२ चिन्हांचा संकेत प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र मिळतो आणि बारकोड संपूर्ण उत्पादनाला मिळतो. सीडी आणि एलपी ही दोन वेगळी उत्पादने असल्यामुळे त्यांचे बारकोडही वेगळे असतात. आयएसआरसी वेष्टनावर छापण्याची गरज नसते, बारकोड मात्र दुकानात विकायच्या अल्बमवर लागतोच.

गाण्यांचा क्रम मास्टरिंग करणाऱ्याकडून आलेल्या यादीशी ताडून पाहा. संचाने महिनाभरापूर्वी पाठवलेला क्रम आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणातला क्रम यांत फरक पडलेला असणे ही अगदी नेहमीची बाब आहे.

३. परवानग्या

छायाचित्राचा हक्क सामान्यतः छायाचित्रकाराकडे असतो, छायाचित्रातल्या कलाकाराकडे नसतो. एखाद्या कार्यक्रमात कोणी काढून भेट दिलेले छायाचित्र अल्बमवर वापरायचे असेल तरी छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या, आणि तीत ‘अल्बम, पोस्टर आणि विक्रीच्या वस्तू’ असे वापर नावानिशी नमूद करा. ओळखू येईल अशी परकी व्यक्ती चित्रात असल्यास तिचीही संमती हवी. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील (निर्मात्याने काही अटींवर सर्वांना वापरायला दिलेले) चित्र वापरताना परवान्याचा प्रकार वाचा : ज्यात व्यापारी वापराला मनाई आहे ते विक्रीच्या अल्बमवर चालत नाही, आणि ज्यात बदलाला मनाई आहे ते कापून किंवा रंग बदलून वापरता येत नाही.

फाँटचाही परवाना असतो. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असे लिहिलेला फाँट विक्रीच्या वस्तूवर वापरायचा असेल तर तो विकत घ्यावा लागतो.

४. मापे आणि मुद्रकाचा साचा

पुढे काही प्रचलित मापे दिली आहेत, पण ती केवळ अंदाजासाठी आहेत. प्रत्येक छापखाना आणि सीडी-एलपी बनवणारी प्रत्येक कंपनी आपला साचा (कापण्याच्या आणि घडीच्या रेषा आखलेली फाइल) देते, आणि काम त्याच साच्यात करायचे असते. कंपनी ठरण्यापूर्वी सजावट पूर्ण करून ठेवू नका.

सीडीच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या पेटीतील पुढच्या पुस्तिकेचे पान १२० × १२० मिमी असते. मागील कार्ड १५१ × ११८ मिमीचे असते आणि त्याच्या दोन्ही कडांना सुमारे ६.५ मिमीचे कणे दुमडलेले असतात. म्हणजे मागच्या दर्शनी भागाला रुंदीत १३८ मिमीच मिळतात. एलपीचे बाह्य वेष्टन साधारण ३१५ मिमी चौरस, कणा ३ मिमीच्या आसपास, आणि तबकडीवरील गोल लेबल १०० मिमी व्यासाचे असते. कॅसेटच्या कार्डाची उंची १०२ मिमीच्या जवळपास आणि पुढचा भाग ६५ मिमी रुंद असतो. पोस्टरसाठी ए३ (२९७ × ४२० मिमी), ए२ (४२० × ५९४ मिमी) आणि ए१ (५९४ × ८४१ मिमी) हे आकार सोयीचे, कारण तिन्हींचे गुणोत्तर एकच असल्याने एक रचना तिन्हींत जशीच्या तशी बसते.

प्रत्येक मापाभोवती ब्लीड लागतो, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर चित्र साधारण ३ मिमी वाढवलेले असावे लागते. कटिंगमध्ये कागद एखादा मिलिमीटर सरकतोच आणि ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. त्याचप्रमाणे महत्त्वाचा मजकूर कापण्याच्या रेषेपासून किमान ३ ते ५ मिमी आत ठेवा. याच कारणासाठी पोस्टरच्या अगदी कडेने बारीक चौकट काढण्याचा मोह टाळा. अर्ध्या मिलिमीटरची सरकही चौकटीत लगेच डोळ्यांत भरते.

साचा हातात आला की तो साध्या कागदावर खऱ्या मापात छापा, कापा, दुमडा आणि पेटीत किंवा जुन्या वेष्टनावर बसवून पाहा. यासाठी पोलादी पट्टी, कटर आणि गोंद एवढेच लागते. सीडीच्या मागील कार्डाचे दोन कणे, त्यांवरील मजकुराची दिशा आणि डोके कोणत्या बाजूला येते हे पडद्यावर कितीही वेळ पाहिले तरी नीट उमगत नाही. दुमडलेल्या कागदात ते पाहताक्षणी कळते. पुस्तिकेची पाने मधोमध पिन मारून जोडायची असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत येते. गाण्यांचे शब्द नऊ पानांत बसत असतील तर तुम्हाला बारा पानांची पुस्तिका करावी लागेल किंवा मजकूर आठांत आणावा लागेल, आणि हा निर्णय आताच झालेला बरा.

५. संगणकावरील साधने

अक्षरे आणि बोधचिन्हांसाठी इलस्ट्रेटर किंवा मोफत मिळणारे इंकस्केप, छायाचित्रांसाठी फोटोशॉप किंवा गिंप, आणि पुस्तिकेच्या पानमांडणीसाठी इनडिझाइन किंवा मोफत स्क्रायबस, असे साधारण विभाजन असते. मोफत साधनांनी काम उत्तम होते. मात्र छपाईची अंतिम पीडीएफ स्क्रायबसमधून काढणे श्रेयस्कर, कारण सीएमवायके रंगांची (सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शायांची) सोय तिथे मुळातच आहे. संपूर्ण पुस्तिका फोटोशॉपमध्ये रचू नका. त्यात बारीक मजकूर सहज पिक्सेलमध्ये रूपांतरित होतो आणि छापल्यावर त्याच्या कडा विसविशीत दिसतात.

६. कल्पना आणि चित्र

आता चित्राकडे वळायला हरकत नाही. १९३०च्या दशकापर्यंत तबकड्या बव्हंशी साध्या, एकसारख्या कागदी वेष्टनांत विकल्या जात. कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये १९३९ साली कलादिग्दर्शक म्हणून रुजू झालेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी वेष्टनावर त्या त्या संगीतासाठी खास चित्र काढण्याची प्रथा रुजवली. त्यांचा भर वाद्ये, आकार आणि अक्षरे यांच्या साध्या जुळणीवर होता, कलाकाराच्या चेहऱ्यावर नव्हता. पुढे जॅझ संगीताच्या ब्लू नोट कंपनीसाठी रचनाकार रीड माइल्स यांनी फ्रान्सिस वुल्फ यांची कृष्णधवल छायाचित्रे धीटपणे कापून, एखाद-दुसरा रंग आणि मोठी अक्षरे एवढ्याच सामग्रीवर शेकडो मुखपृष्ठे उभी केली. नव्या माणसाने ही दोन्ही कामे बारकाईने पाहावीत असे मला वाटते, कारण दोघांनीही कमी साहित्यात काम भागवले आहे, आणि तुमच्याजवळही बहुधा कमीच साहित्य असणार.

अल्बम सलग ऐका, आणि संचाने आपल्या संगीताचे केलेले वर्णन त्यानंतर वाचा. संचाने दाखवलेली इतरांची मुखपृष्ठे समोर ठेवून ‘यात तुम्हाला नेमके काय आवडले’ असे विचारा. उत्तर रंगाविषयी आहे, पोताविषयी आहे की केवळ त्या संगीताविषयी आहे हे वेगळे काढणे तुमचे काम आहे. बऱ्याचदा ते संगीताविषयीच असते.

तीन कच्चे आराखडे दाखवा, त्याहून अधिक नको. जास्त पर्याय दिले की लोक एकाचे डोके आणि दुसऱ्याचे पाय जोडून मागतात.

चित्र निवडताना त्याचे रिझोल्यूशन मोजा. छपाईसाठी प्रत्यक्ष मापात इंचाला ३०० पिक्सेल हवेत. ए३साठी हा हिशेब ३५०८ × ४९६१ पिक्सेल होतो. लांबून पाहायच्या मोठ्या फलकांना १५० पिक्सेलही चालतात. इथला नेहमीचा सापळा असा आहे : डिजिटल मंचांसाठी ३००० × ३००० पिक्सेलचे मुखपृष्ठ मागितले जाते, म्हणून चित्र त्याच मापात तयार केले जाते आणि सहा महिन्यांनी एलपी काढायचे ठरते. ते ३१५ मिमीवर ताणले की इंचाला सुमारे २४० पिक्सेल उरतात, शिवाय ब्लीडसाठी चित्राच्या कडा कापल्या जातात. म्हणून मूळ चित्र पहिल्यापासून एलपीच्या मापात, ब्लीडसह निदान ३८०० पिक्सेल रुंदीचे ठेवा आणि बाकी सर्व मापे त्यातून लहान करा.

७. पोस्टर

अल्बम माणूस हातात घेऊन सावकाश पाहतो. पोस्टर तो चालता चालता वाचतो. त्यामुळे मुखपृष्ठ मोठे करून त्याखाली तारीख टाकली की पोस्टर झाले, असे होत नाही. आधी मजकुराची उतरंड ठरवा. कोण, कधी, कुठे, या तीन गोष्टी याच क्रमाने दुरून दिसल्या पाहिजेत. तिकीट, वयोमर्यादा, प्रायोजक हे जवळ आल्यावर वाचायचे. साधारण हिशेब असा की ३ मीटरवरून आरामात वाचायच्या अक्षराची उंची सुमारे २५ मिमी हवी. पोस्टर खऱ्या मापात तुकड्यातुकड्यांनी छापून भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. पडद्यावर लहान करून पाहणे हा याला पर्याय नाही.

तारखेसोबत वार लिहा, कारण चुकलेली तारीख वारामुळेच पकडली जाते. ‘प्रवेश’ आणि ‘प्रारंभ’ या दोन वेळा वेगळ्या असतील तर दोन्ही द्या. सहकलाकारांच्या नावांचा क्रम आणि आकार आयोजकाकडून लेखी घ्या. ही बाब अनेकदा कलाकारांच्या करारातच ठरलेली असते आणि तुमच्या सौंदर्यदृष्टीला तिथे मुभा नसते.

दौरा असेल तर प्रत्येक ठिकाणासाठी नवे पोस्टर करू नका. वरचा भाग सर्वत्र समान ठेवा आणि खाली फिकट रंगाची कोरी पट्टी सोडा. ठिकाण, तारीख आणि वेळ त्या पट्टीत नंतर छापता येतात किंवा जाड पेनाने लिहिताही येतात. ही पट्टी गर्द रंगाची किंवा चकचकीत लॅमिनेशनची असेल तर तिच्यावर काहीच लिहिता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.

क्यूआर कोड द्यायचा असेल तर त्याभोवती कोडमधल्या चार छोट्या चौकोनांएवढी मोकळी जागा ठेवा, फिकट पार्श्वभूमीवर गडद कोड छापा आणि जितक्या अंतरावरून तो टिपला जाईल त्याच्या किमान दहाव्या हिश्शाएवढी त्याची रुंदी ठेवा. काही सेवा मोफत कोड देतात आणि काही काळानंतर वर्गणी भरली नाही की तो बंद करतात. छापलेले पोस्टर भिंतीवर असते आणि कोड मेलेला असतो. संचाच्या स्वतःच्या पत्त्याकडे थेट नेणारा कोडच वापरा.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६६च्या सुमारास पोस्टरकार वेस विल्सन यांनी फिलमोर सभागृहाच्या कार्यक्रमांसाठी जवळजवळ वाचता न येणारी, वितळल्यासारखी अक्षरे काढून पोस्टरांचा एक संप्रदायच निर्माण केला. हे उदाहरण नवखे लोक आपल्या दुर्बोध अक्षरांच्या समर्थनासाठी हमखास देतात. ती पोस्टरे थांबून उलगडण्याची हौस असलेल्या प्रेक्षकवर्गासाठी होती. तुमचा प्रेक्षक थांबणारा आहे अशी खात्री असेल तर खुशाल तसे करा, पण तारीख आणि स्थळ कुठेतरी साध्या अक्षरांत द्या.

८. देवनागरी अक्षरे

मराठी नाव किंवा शब्द वापरायचे असतील तर काही गोष्टी रोमन अक्षरांच्या सवयीने करून चालत नाहीत. पोस्टरवर दिमाखदार दिसावे म्हणून अक्षरांतील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे सुटे तुकडे होतात. रुंदी हवी असेल तर रुंद वळणाचा फाँट शोधा किंवा नाव हाताने लिहून घ्या. वर रफार व मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधील अंतर रोमनपेक्षा जास्त लागते. गाण्यांच्या यादीत दोन ओळींचे उकार आणि वेलांट्या एकमेकांत अडकल्या तर दोष फाँटचा नसून अंतराचा असतो.

काही प्रणालींमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी वेगळी सुरू करावी लागते. ती केली नाही तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरे हलन्तासह फुटतात. मजकूर दुसऱ्या प्रणालीत नेल्यावर ‘ऱ्ह’, ‘र्‍या’, ‘ल्ल’, ‘द्ध’, ‘श्र’ ही अक्षरे एकेक करून तपासा. युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर सारख्या चालणाऱ्या युनिकोड संकेतांच्या आधीच्या) फाँटमध्ये टंकलेला मजकूर संचाकडून आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून पुन्हा मुद्रितशोधन करा, कारण रूपांतरात काही अक्षरे गुपचूप बदलतात. छपाईसाठी अक्षरांचे आकृतीत रूपांतर केल्यावर आणखी एक दोष डोके काढतो : शिरोरेषेचे शेजारचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे अक्षर अर्धपारदर्शक केले किंवा त्याला फक्त बाह्यरेषा दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते. असे करायचे असेल तर सर्व तुकडे आधी एकसंध जोडून घ्या.

९. वेष्टनाचे भाग

डिजिटल मुखपृष्ठ चौरस, सामान्यतः ३००० × ३००० पिक्सेलचे, आरजीबी (पडद्यावरच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या) रंगांत, जेपीजी किंवा पीएनजी स्वरूपात देतात. सीएमवायके फाइल पाठवली तर ती परत येते किंवा रंग विचित्र दिसतात. मुखपृष्ठावर संकेतस्थळाचा पत्ता, समाजमाध्यमावरचे नाव, किंमत, बारकोड, सीडीचे बोधचिन्ह असे काही असले की वितरक ते नाकारतात, आणि मुखपृष्ठावरील नाव अल्बमच्या नोंदणीतील नावाशी जुळावे लागते. चित्र १०० पिक्सेलपर्यंत लहान करून पाहा. फोनवर ऐकणाऱ्याला ते एवढेच दिसते. संचाचे नाव तिथे वाचता आले नाही तरी बिघडत नाही, कारण ते शेजारी लिहिलेले असते. चित्राची आकृती मात्र ओळखू आली पाहिजे.

सीडीच्या चकतीवरील छपाईत अनेक जण फसतात. चकतीचा पृष्ठभाग चंदेरी असतो, म्हणून तुमच्या फाइलीतील पांढरी जागा म्हणजे तिथे शाई नाही, आणि छापून आल्यावर ती चंदेरी दिसते. खरा पांढरा रंग हवा असेल तर पांढऱ्या शाईचा थर स्वतंत्रपणे मागावा लागतो. शिवाय मधल्या भोकाभोवतीचा भाग पारदर्शक प्लॅस्टिकचा असल्याने तीच शाई तिथे वेगळ्या छटेत उमटते. चेहऱ्याचे छायाचित्र चकतीभर पसरवण्यापूर्वी १५ मिमीचे भोक नेमके कुठे पडते तेही पाहून घ्या.

एलपीच्या वेष्टनात जागा भरपूर आणि कणा बारीक असतो. घड्या घालताना जाड कागद थोडा सरकतो, त्यामुळे पुढच्या बाजूचा रंग आणि कण्याचा रंग वेगळे ठेवले तर ती सीमारेषा बरोबर घडीवर पडेलच असे नाही. दोन्ही बाजूंना आणि कण्याला एकच रंग देणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. कण्यावर संचाचे नाव, अल्बमचे नाव आणि सूची क्रमांक एवढेच द्या; कपाटातून तबकडी शोधणारा माणूस फक्त ही तीन मिलिमीटरची पट्टी पाहत असतो.

ईएएन-१३ (१३ अंकी) बारकोडचे मूळ माप ३७.२९ × २५.९३ मिमी असून तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची कोरी जागा कापू नका. पट्ट्या लाल किंवा नारिंगी करू नका, कारण अनेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो आणि त्याला त्या पट्ट्या दिसतच नाहीत. पांढऱ्यावर काळा बारकोड कुरूप वाटत असेल तर तो मागच्या बाजूला खाली ठेवा, पण रंग बदलू नका.

१०. रंग, काळा रंग आणि कागद

पडद्यावरचा झगझगीत निळा, हिरवा आणि गुलाबी सीएमवायके छपाईत उतरत नाही. हे रंग हवेच असतील तर पँटोनसारखा स्पॉट कलर (चार शायांतून न बनवता स्वतंत्र तयार केलेली शाई) वापरावा लागतो आणि त्याचा खर्च वाढतो. संचाला हे आराखडा मान्य करून घेतानाच सांगा.

काळ्या रंगाबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण संगीताच्या वेष्टनांवर तो फार असतो. मोठ्या पृष्ठभागावर नुसता १०० टक्के काळा छापला तर तो करडा, धुतल्यासारखा दिसतो. त्यात इतर रंगांची जोड द्यावी लागते, उदाहरणार्थ सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा १००. एकूण शाई, म्हणजे चारही टक्क्यांची बेरीज, सुमारे ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर ती वेळेत वाळत नाही आणि मागच्या कागदाला लागते. याउलट बारीक मजकूर फक्त १०० टक्के काळ्यातच ठेवा, कारण चार रंगांच्या प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी चार रंगांनी बनलेले अक्षर धूसर होते. आणि जोडीच्या काळ्यावर पांढरी बारीक श्रेयनामावली उमटवायची असेल तर अक्षरे ८ पॉइंटहून लहान आणि बारीक रेघांची नकोत. बाजूची शाई आत शिरून देवनागरीच्या गाठी बुजून जातात.

पोस्टरला १३० ते १७० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) आर्ट पेपर, पुस्तिकेला १३० ते १५०, आणि एलपीच्या वेष्टनाला साधारण ३०० ते ३५० जीएसएमचा जाड कागद वापरतात. विनालेपाचा, खरबरीत कागद सुंदर लागतो, पण तो शाई पितो. गडद छायाचित्र त्यावर आणखी गडद होते, तेव्हा सावल्या आधीच उजळून घ्या. गर्द रंगाच्या वेष्टनावर मॅट लॅमिनेशन केल्यास ते देखणे दिसते, मात्र बोटांचे ठसे आणि ओरखडे त्यावर उठून दिसतात.

११. फाइल पाठवणे आणि प्रूफ

फाइल मुद्रकाने मागितलेल्या प्रकारात द्या. बहुतेक ठिकाणी पीडीएफ/एक्स-१ए किंवा पीडीएफ/एक्स-४ हे छपाईसाठीचे पीडीएफचे प्रकार मागतात. साच्यातील कापण्याच्या आणि घडीच्या रेषा स्वतंत्र स्तरावर ठेवून मुद्रकाच्या सूचनेप्रमाणे त्या छपाईतून वगळा, अन्यथा त्या मुखपृष्ठावर गुलाबी रेघ होऊन छापून येतात. स्पॉट यूव्ही (ठरावीक भागावरचा चकचकीत लेप) किंवा फॉइल (धातूसारखा चकाकणारा पातळ थर) असेल तर त्याचाही वेगळा स्तर, एकाच स्पॉट रंगात.

पाठवण्यापूर्वी तयार पीडीएफ नव्याने उघडा आणि मूळ फाइलीऐवजी तीच तपासा. मुद्रितशोधन तुम्ही स्वतः करू नका. ज्याने हा मजकूर आधी वाचलेला नाही अशा माणसाला द्या. नावे तपासताना प्रत्येक व्यक्तीला तिचे नाव छापून दाखवणे हाच खात्रीचा उपाय आहे, कारण आडनावांचे लेखन तर्काने ठरवता येत नाही. पोस्टरवरील तारीख आणि वार पंचांग किंवा दिनदर्शिकेशी ताडून पाहा.

रंग महत्त्वाचे असतील तर कागदावरचे प्रूफ (छपाईपूर्वीचा नमुना) मागा आणि ते दिवसाच्या उजेडात पाहा. फोनवर पाठवलेले प्रूफचे छायाचित्र रंगासाठी निरुपयोगी असते. संचाचा होकार लेखी घ्या, आणि त्यात फाइलीचे नाव व तारीख असू द्या. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-खरी’ अशी नावे देण्यापेक्षा प्रत्येक फाइलीच्या नावात दिनांक घाला.

१२. छापून आल्यावर

पहिला गठ्ठा आला की वरची एकच प्रत न पाहता मधून आणि तळातून काही प्रती काढा. घड्या, कटिंग, पानांचा क्रम, रंगाची सरक आणि चकती व वेष्टन एकाच अल्बमचे आहेत ना, एवढे तपासा. दोष असेल तर त्याच दिवशी छायाचित्रासह लेखी कळवा. प्रती वाटल्या गेल्यावर मुद्रक तक्रार मान्य करण्याची शक्यता फार कमी असते.

मूळ फाइली, वापरलेले फाँट व त्यांचे परवाने, चित्रांच्या परवानग्या, मुद्रकाचा साचा, अंतिम पीडीएफ आणि कागदाचे तपशील हे सर्व एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत करारात ठरल्याप्रमाणे संचाला द्या, आणि पाच-दहा छापील प्रती स्वतःसाठी मागून घ्या. दुसरी आवृत्ती निघते तेव्हा नवा मुद्रक रंग जुळवण्यासाठी फाइलीपेक्षा पहिल्या आवृत्तीची प्रतच मागतो.